निळा ठिपका आणि माझा पहिला नंबर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांना लागणारे रबरी भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. गेली अकरा वर्षं. आलेला माल मोजून घ्यायचा, रॅकमध्ये लावून घ्यायचा, जाणाऱ्या मालाची चलनं करायची आणि मधल्या वेळात ‘मॅडम, तो खोका कुठंय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. हे काम बसून होत नाही. त्यामुळे मी दिवसभर चालत असते, आणि चालते ती भराभर. हातात पॅड, कानामागे पेन, ओढणी जॅकेटच्या आत खोचलेली. पॅकिंगच्या बायका म्हणतात, “मॅडम गेल्या की मागून वारा येतो.”

आमच्या स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात ते मामा. खरं तर ते कुणाचेच मामा नाहीत, पण मॅनेजरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. सुरगाण्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक, बोलणं अगदी बेताचं. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लांब लोखंडी काटे असलेली ती बुटकी, जड गाडी. लाकडी पॅलेटवर रचलेले खोके काट्यांवर घ्यायचे आणि उचलून रॅकच्या थेट वरच्या मजल्यावर ठेवायचे. मामा हे इतक्या अलगद करायचे की वरच्या खोक्यावर कुणी विसरलेला चहाचा कप असता तर तोही सांडला नसता.

आधीची गाडी डिझेलवर चालायची. शेडच्या त्या टोकाला ती सुरू झाली की या टोकाला आम्हाला कळायचं. मग बॅटरीवरची नवीन गाडी आली. धूर बंद, खोकला बंद, आणि आवाजही बंद. ती मांजरासारखी कुठूनही यायची. एकदा ज्या कंपनीला आम्ही माल देतो तिथले एक साहेब पाहणीला आले होते. रॅकच्या मधोमध उभे राहून फोनवर बोलत होते. मामा मागून आले, थांबले, दोन मिनिटं वाट पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “साहेब, सरका जरा.”

साहेब जागच्या जागी उडाले. फोन हातातून निसटला आणि काट्यांवरच्या उघड्या खोक्यात पडला. मामांना ते दिसलं नाही. साहेब बाजूला झाले तसा त्यांनी माल नेऊन वर ठेवून दिला. त्यानंतर अर्धा तास आम्ही सगळे माना वर करून उभे होतो आणि आमचे मॅनेजर त्या साहेबांच्या नंबरवर परत परत फोन लावत होते. शेवटी सर्वांत वरच्या कप्प्यातून, रबरी वॉशरच्या ढिगातून, आरतीची धून ऐकू आली.

साहेबांनी जाताना पाहणीच्या वहीत एवढंच लिहिलं: पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी योग्य ती यंत्रणा बसवावी.

यंत्रणा आली. आमचे सेफ्टीचे सर तिशीतले, फार उत्साही. त्यांनी आम्हाला कँटीनमध्ये बसवलं आणि समजावून सांगितलं. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक दिवा बसणार. तो गाडीच्या काही हात पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणार. गाडी वळणावर दिसायच्या आधी ठिपका दिसेल. शिवाय प्रत्येकाच्या जॅकेटवर काडेपेटीएवढी एक डबी, तिला म्हणायचं टॅग. गाडी जवळ आली की टॅग थरथरणार, तिकडे ड्रायव्हरपुढे बझर वाजणार, आणि गाडी आपोआप हळू होणार.

“आणि महत्त्वाचं म्हणजे,” सर म्हणाले, “कोण किती वेळा गाडीच्या जवळ आलं, याची सगळी नोंद राहणार.”

मामा शेवटच्या बाकावर होते. त्यांनी ती डबी उलटसुलट करून पाहिली.

“म्हंजे आता मानूस कुठं हाय, ते हिला इचारायचं?”

“विचारायचं नाही मामा, ती स्वतःहून सांगेल.”

“मला दिसतं की.”

“दिसलं नाही तर?”

मामांनी डबी परत टेबलावर ठेवली. “तवा सांगंल म्हना,” ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला पायी चालणाऱ्यांपैकी एक जण हवा होता. सर्वांत जास्त चालतं कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी मी आमच्या स्टोअरची ‘पादचारी समन्वयक’ झाले. तशी पाटी माझ्या टेबलावर आली. मी ती रोज पुसत असे.

पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. टॅग थरथरला की बायकांना फोन आल्यासारखं वाटायचं. त्या सगळं सोडून पर्स उघडायच्या. एक जण तर “हॅलो” म्हणूनही मोकळी झाली. मी गंभीर चेहऱ्याने फिरत होते आणि प्रत्येकीला सांगत होते, “आधी थांबायचं, मग बघायचं, मग चालायचं.” माझा आवाज तेव्हा शाळेतल्या बाईंसारखा होत असे, असं मला नंतर कळलं.

मग खांबाचं प्रकरण झालं. मे महिन्यातली दुपार, वर पत्रे तापलेले. मामांची गाडी रस्त्याच्या मधोमध, मुंगीच्या पावलाने चालली होती आणि बझर अखंड वाजत होता. पुढे चिटपाखरू नव्हतं. मामांनी गाडी मागे घेतली, बझर बंद. पुढे आणली, परत सुरू. सर धावत आले. लॅपटॉप उघडला. “मामा, तुमच्या उजव्या बाजूला आठ व्यक्ती आहेत,” ते म्हणाले.

मामांनी उजवीकडे पाहिलं. तिथे लोखंडी खांब होता.

“सर, ह्या खांबाला आठ बाया चिकटल्यात का?”

मी खांबामागे जाऊन पाहिलं. पॅकिंगच्या आठही बायकांनी उकडतंय म्हणून जॅकेटं काढून तिथल्या खिळ्याला अडकवली होती, टॅगसकट. आणि त्या स्वतः शेडच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली, टॅगशिवाय, निवांत खोके चिकटवत बसल्या होत्या. मामा तेव्हा हसले. मी त्यांना तोंड उघडून हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मी मात्र हसले नाही, कारण मी समन्वयक होते. मी आठ जणींना ओळीत उभं करून चांगलं पाच मिनिटं सुनावलं.

महिना संपला आणि सरांनी पहिला अहवाल आणला. मीटिंगला मॅनेजर, सर, मामा, पॅकिंगच्या दोघी आणि मी. सरांनी भिंतीवर तक्ता दाखवला. गाडीच्या धोकादायक जवळ सर्वांत जास्त वेळा कोण आलं, त्याची उतरती यादी होती. नावं नव्हती, फक्त टॅगचे नंबर. पहिल्या नंबरचा पट्टा इतका लांब होता की तो पडद्याबाहेर जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढला होता.

“हा जो कोणी आहे,” मी पेन रोखून म्हणाले, “त्याला आधी बोलावून घ्या. असा माणूस शेडमध्ये फिरणं बरोबर नाही.”

सर खोकले. मॅनेजरांनी फायलीत डोकं घातलं. पॅकिंगच्या दोघींपैकी एकीने माझ्या जॅकेटकडे बोट केलं. मी मान खाली घालून माझ्या टॅगवरचा नंबर वाचला.

तोच होता.

“यंत्रात काहीतरी बिघाड आहे,” मी म्हणाले.

मग मामा म्हणाले, “यंत्र बरोबर हाय मॅडम.”

मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांनी आणलेल्या चलनांवर सही करताना वर पाहिलंही नाही. अकरा वर्षांत मला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीच्या चार्जिंगपाशी गाठलं.

“मामा, सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती?”

मामा बॅटरीची वायर गुंडाळत होते. “मॅडम, तुम्ही चौथ्या आन पाचव्या रॅकच्या फटीतून निघता ना?”

ती फट म्हणजे दोन रॅकमधली दोन हात रुंदीची मोकळी जागा. माझ्या टेबलाकडून माल चढवायच्या धक्क्याकडे जायला पिवळ्या पट्ट्यांचा रस्ता होता, पण तो लांबून, भिंतीच्या कडेने वळसा घालून जायचा. फटीतून गेलं की धक्का समोर.

“निघते. कधीतरी.”

“रोज. दिसातून पंधरा-वीस डाव. सकाळी टेम्पो लागला का, जेवायच्या आधी, आन चारच्या चहाला. मी तिथं आलो का गाडी हळू करतो. तुम्ही नसल्या तरी करतो. नऊ वर्सं झाली.”

“मग कधी सांगितलं का नाही?”

“एकदा सांगितलं हुतं. तुम्ही ‘हो हो’ म्हनल्या आन त्याच फटीतून गेल्या.”

मी तिथे हसायला हवं होतं, पण वाद घालायची सवय. म्हटलं, “तुम्ही इतक्या उंचावर बसता, तुम्हाला मी लांबून दिसत असेनच की.”

मामांनी वायर खाली ठेवली. “या, बसा.”

“कुठे?”

“माझ्या शीटवर.”

किल्ली त्यांनी काढून खिशात घातली. सरांनाही बोलावून घेतलं. गाडी बंद होती, काट्यांवर पुरुषभर उंच रचलेल्या खोक्यांचं पॅलेट आधीच ठेवलेलं होतं. मी पायरीवर पाय देऊन वर चढले, बेल्ट लावला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मोठ्या ऐटीत समोर पाहिलं.

समोर खोके होते.

फक्त खोके. त्यांच्यावर छापलेली छत्री, वर जाणारा बाण आणि ‘वरची बाजू’ अशी अक्षरं. डावीकडे वाकून पाहिलं तर गाडीचा जाड लोखंडी खांब आड येत होता. उजवीकडे तसाच.

“सर, तुम्ही कुठे आहात?” मी ओरडले.

“तुमच्या समोरच!” सरांचा आवाज आला.

“हात वर करा.”

“केला!”

“दोन्ही करा.”

“दोन्ही केलेत मॅडम!”

मला बोटाचं टोकही दिसलं नाही. सर चांगले उंच, अंगात भडक नारिंगी जॅकेट, आणि माझ्यापासून असतील दहा पावलांवर. मी त्यांना उड्या मारायला सांगितलं. त्यांच्या बुटांचा धप धप आवाज आला, सर आले नाहीत. तेवढ्यात पॅकिंगच्या बायका हजेरी लावून आत आल्या आणि त्यांनी पाहिलं: बंद फोर्कलिफ्टवर मी बसलेली, आणि पुढे सेफ्टीचे सर दोन्ही हात वर करून उड्या मारताहेत. हा किस्सा पुढे कँटीनमध्ये बरेच दिवस चालला.

“म्हनून जादा माल असला का मी उलटा चालवतो,” मामा खाली उभे राहून सांगत होते. “मान वळवून मागं बगत. पन फटीतून कोन आलं तर मागचंबी नाय दिसत. रॅक आड येतो. मग मी काय करतो, वाजल्यात किती बगतो, आन कुनाची येळ हाय ते आठवतो.”

मी सीटवरून उतरले. नऊ वर्षं हा माणूस माझं वेळापत्रक डोक्यात ठेवून गाडी चालवत होता, आणि मला वाटत होतं मी सावध आहे.

त्यानंतर मी सुधारले. पूर्ण तीन आठवडे. पिवळ्या पट्ट्यांतून, वळसा घालून, नजर पायांखाली ठेवून, शाळेच्या रांगेतल्या मुलीसारखी चालत होते. अहवालात माझा पट्टा आखडून बोटाएवढा झाला. सरांनी माझं कौतुक केलं.

मग आषाढ आला. मामा दरवर्षी भाताच्या आवणीला गावी जातात. पाऊस लागला, चिखलणी झाली की घरचे सगळे शेतात उतरतात आणि तयार रोपं हाताने लावतात, तीच आवणी. दहा दिवसांची रजा असते. त्यांच्या जागी बदली ड्रायव्हर आला. येवल्याचा, चाळिशीतला, शांत माणूस. परवाना पक्का, हात चांगला. फक्त आमच्या शेडमधल्या कुणाचीच वेळ त्याला पाठ नव्हती. तो यंत्रावर चालत होता. बझर वाजला की थांबायचा, नाही वाजला की जायचा. त्याचं काही चुकत नव्हतं.

एके दिवशी धक्क्याला टेम्पो उभा होता, टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि चलनाची एक प्रत माझ्या हातात राहून गेली होती. माझा टॅग टेबलावर चार्जिंगला लावलेला. म्हटलं, जाऊन येते पटकन. पायांनी आपलं ठरवलं, मला विचारलंच नाही. फटीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मला कळलं की मी फटीत आहे.

पुढचं पाऊल टाकणार तोच माझ्या सँडलवर काहीतरी निळं पडलं. गोल, ताटलीएवढं. मी थबकून पायाकडे पाहिलं. ठिपका पायावरून पुढे सरकला. आणि त्याच्यामागून, एकही आवाज न करता, फोर्कलिफ्टची पिवळी पाठ फटीसमोरून मागे आली. चाक माझ्या पायाच्या बोटांपासून वीतभरावर. मी मागे झेपावले. तिथे रॅकच्या खालच्या कप्प्यात रद्दी पुठ्ठ्यांचा जाळीचा पिंजरा होता, त्याची फटीकडची बाजू उघडी. मी त्यात बसले. बसले म्हणण्यापेक्षा रुतले. गुडघे वर, चलन अजून हातात.

गाडी थांबली. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. मला पुठ्ठ्यांत पाहून तो पांढराफटक पडला.

“ताई! लागलं का? ताई, माझ्याकडं काही वाजलंच नाही! देवाशप्पथ नाही वाजलं!”

“नाही वाजलं,” मी म्हणाले. “टॅग टेबलावर आहे.”

त्याने मला हात देऊन बाहेर काढलं. माझ्यासाठी पाणी आणलं, पण त्यातलं अर्धं मी त्यालाच पाजलं. मग आम्ही दोघं रिकाम्या पॅलेटवर बसलो. त्याने घरी दोन मुली आहेत असं सांगितलं, कारण नसताना. मीही मला एक मुलगा आहे, नववीत आहे, असं सांगितलं. तिकडे टेम्पोवाला अजून हॉर्न मारतच होता.

आमच्याकडे असं काही घडलं, कुणाला लागलं नसलं तरी, फॉर्म भरावा लागतो. भरायचा कुणी? पादचारी समन्वयकाने. मी बसले लिहायला. ‘चूक करणारी व्यक्ती’ या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. ‘चौकशी करणारी व्यक्ती’, परत स्वतःचं. ‘चौकशी अधिकाऱ्याचे मत’ इथे मी लिहिलं, ‘सदर महिला ऐकत नाही.’ सरांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

“मॅडम, एकच व्यक्ती दोन्हीकडे चालत नाही.”

“मग तुम्ही करा माझी चौकशी.”

त्यांनी केली, आणि नीट केली. माझ्या चुकीबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली: टॅगचे चार्जर टेबलावर आहेत हेच मुळात चूक आहे. टॅग चार्जिंगला असताना माणूस त्याच्याशिवाय फिरणारच. मला ते वाचून बरं वाटलं. दोष थोडा तरी वाटला गेला.

मामा रजेवरून आले ते हातापायांना चिखलाच्या भेगा घेऊन. त्यांना कुणीतरी गेटवरच सांगितलं होतं. ते माझ्या टेबलापाशी आले, पिशवीतून घरच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पुडी काढून ठेवली आणि उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील.

“मामा, चुकलं माझं.”

“त्या फटीला दार करू,” ते म्हणाले.

दार नाही, पण कठडा झाला. जागा मामांनी दाखवली, उंची पण त्यांनीच सांगितली: “मॅडमना वलांडता नाय आला पायजे.” मॅनेजरांनी वेल्डर बोलावून दोन दिवसांत बसवून घेतला. बसवल्यावर पहिल्याच सकाळी माझा गुडघा त्यावर आपटला. अकरा वर्षांचं वळण एकदम जात नाही. चार्जर सगळे शेडच्या आतल्या दारापाशी गेले, भिंतीवर ओळीने. ड्यूटी सुरू होताना भरलेला टॅग उचलायचा, जाताना परत लावायचा. मधे काढायचाच नाही. आणि मामांच्या सांगण्यावरून सरांनी दोन वळणांवर भिंतीलाही तसे दिवे बसवले. त्या वळणांवर कुणाची चूक होते ते यंत्राच्या नोंदीत अजून आलं नव्हतं. मामांना माहीत होतं. यंत्राबद्दल त्यांचं मत आता बरं आहे. “शिकतंय हळूहळू,” असं म्हणतात.

बदली ड्रायव्हरला कंपनीने ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी मामा त्याला शेडभर पायी फिरवत होते. कोण कुठून येतं, कुणाला कमी ऐकू येतं, कोण मोबाइल बघत चालतं. माझ्या टेबलापाशी आल्यावर आवाज एकदम खाली गेला. मी चलनात डोकं घालून बसले.

आता नवीन माणूस कामावर आला की मी आधी त्याला बंद गाडीच्या सीटवर बसवते आणि समोर खोक्यांआड स्वतः उभी राहते. “दिसते का मी?” विचारते. अजून एकालाही दिसलेली नाही. भाषण करावं लागत नाही. उतरताना त्यांचे चेहरेच बदललेले असतात.

मी रोज तो लांबचा वळसा घालते. भिंतीकडच्या बाजूला एक मोठी खिडकी आहे. अकरा वर्षं त्याच शेडमध्ये काम करून मला माहीत नव्हतं की तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. श्रावणात तर तो इतका हिरवा होता की मी पहिल्या दिवशी चलन हातात धरून तशीच उभी राहिले. पॅकिंगच्या एकीने मला पाहिलं आणि तीही थांबली. मग तिच्या मागची थांबली. आठवडाभरात चहाच्या वेळी तिथे दहा-बारा जण उभे राहायला लागले, बरोबर पिवळ्या पट्ट्यांवर, आणि मागे मामांची गाडी बझर वाजवत खोळंबलेली.

पुढच्या अहवालात धोक्याची नवीन जागा म्हणून तीच खिडकी आली. सर माझ्याकडे बघत राहिले. मी पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीखाली चिकटवलं: ‘डोंगर चालता चालता पाहावा.’